गायरान चराईला बंद करून चर खणायचे, झाडं लावायची. माळाचं भलं होईल का?

बरडकर

नमस्कार मंडळी. गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या वरच्या अंगाला. खाली ऊस, वर माळ. गावाचं साधारण ४० एकर गायरान आहे आणि त्याला लागून वन खात्याचं कुरण. आमचे आजोबा सांगायचे की ह्या माळावर कमरेएवढं पवन्या असायचं, विळा घेऊन गेलेली बाई गवतात दिसायची नाही. मी शाळेत असल्यापासून बघतोय ते कुसळी आणि तरवड, आणि चैत्रात नुसता मुरूम.

पुढच्या ग्रामसभेत ठराव येतोय. सगळं गायरान तीन वर्षं चराईला बंद. जेसीबीनं सलग समतल चर काढायचे, चराच्या भरावावर गिरिपुष्प, करंज, कडुनिंब लावायचे, आणि ‘माळ साफ करायचा’ म्हणजे तरवड-बोरी उपटायच्या. पैशाची सोय झालीये म्हणतात. माझा चुलतभाऊ कृषी पदवीधर आहे, त्याचं म्हणणं मेंढरांनी माळ खाल्ला, त्यामुळे बंदी हवीच. गेल्या महिन्यात एक पक्षी बघणारे पाहुणे आले होते, त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, चर मारलेत की माळ संपला.

माझ्या घरी दोन म्हशी आणि सहा शेळ्या. गावात धनगरांची नऊ-दहा घरं आहेत. पावसाळाभर त्यांची मेंढरं इथंच असतात, दिवाळी झाली की वाडे (मेंढरांसकट सगळी बिऱ्हाडं) बाहेर पडतात. ते ग्रामसभेत फारसं बोलत नाहीत.

मला एवढंच कळून घ्यायचंय की बंदी केली तर ते आजोबांचं गवत परत येतं का? आणि किती चरलं म्हणजे जास्त, याचं काही माप असतं का?

माळटिटवी

बरडकर, आधी एक काम करा, मग ठरावाचं बोलू. इलेक्ट्रिकवाल्याकडून पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणा आणि मीटरभर लांबी-रुंदीची चौकट बनवा. ती घेऊन तीन ठिकाणी जा: जनावरं पाण्यावर येतात ती जागा, गायरानाचा मधला भाग, आणि कुरणाच्या तारेच्या आतली बाजू. चौकट डोळे मिटून टाका, निवडून टाकू नका (मीही सुरुवातीला हिरवं बघून टाकायचो). आत किती तऱ्हेची झाडं-गवतं आहेत ते मोजा. नावं नाही आली तरी चालेल, एकेक काडी वहीत दाबून ठेवा.

मी बार्शी-सोलापूर पट्ट्यात हा उद्योग एका तपाहून जास्त करतोय. नोकरी शिकवण्याची, व्यसन गवताचं. काय दिसेल ते अंदाजानं सांगतो. पाण्याजवळ जमीन तुडवून कठीण झालेली असेल. तिथं हरळी, टाकळा, गाजर गवत. मधे कुसळी आणि बारीक, वर्षभरात मरणारी गवतं, जोडीला मेंढरं तोंड लावत नाहीत अशी तरवड आणि उन्हाळी. कुरणाच्या आत पवन्या, मारवेल, डोंगरी, अशी ठोंब धरून वर्षानुवर्षं जगणारी गवतं. आपल्या दख्खनच्या माळाची खरी मालकी या ठोंबवाल्यांची. चराई वाढली की आधी पवन्या जातं, कारण ते गोड. मग मारवेल आणि डोंगरी रेटा सहन करतात, मग कुसळी हातपाय पसरते, आणि शेवटी नुसती एकवर्षी गवतं आणि काटे उरतात. माळ कुठल्या पायरीवर आहे ते गवत स्वतः सांगतं. तुमच्या आजोबांच्या एका वाक्यात आणि तुमच्या एका वाक्यात मिळून चार पायऱ्या आल्यात.

बंदीनं परत येतं का? ठोंब जिवंत असतील तर येतं. दोन-तीन चांगल्या पावसांत डोळ्यांना फरक दिसतो. ठोंबच मेले असतील तर नुसती तार घालून फक्त कुसळी दाट होते. पवन्यासारख्या गवताचं बी मातीत फार वर्षं दम धरत नाही. मग बी पेरावं लागतं, नाहीतर मारवेलचे ठोंब आणून पावसाच्या तोंडावर लावावे लागतात. राहुरीच्या विद्यापीठाचं फुले मारवेल मिळतं, पण ते चाऱ्यासाठी निवडलेलं वाण आहे. जवळच्या कुरणातलं बी मिळालं तर ते आधी घ्या.

आता मापाचं. जर्मनीत २००६ पासून तीन भागांत मिळून १५० गवताळ तुकड्यांवर एक मोठा अभ्यास चालू आहे. प्रत्येक तुकड्याला दरवर्षी किती खत पडलं, किती वेळा कापणी झाली आणि किती जनावरं किती दिवस चरली, हे तीन आकडे एकत्र करून ते ‘वापराचा रेटा’ काढतात. २०१६ साली त्यांनी जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या मिळून ४,००० हून जास्त जातींचा हिशेब मांडला. एका तुकड्यात जाती किती कमी झाल्या, यापेक्षा त्यात मला वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटली. रेटा वाढला की वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे एकमेकांसारखे दिसायला लागले. इथलं तिथं आणि तिथलं इथं, सगळीकडे तीच चार माणसं. आणि हे रेटा मध्यम वाढला तरी घडतं. त्याच अभ्यासातून दोन वर्षं आधी आलेला एक निष्कर्ष मात्र तुमच्या कामाचा आहे: जिथं रेटा दरवर्षी सारखा नव्हता, एखाद्या वर्षी जास्त तर एखाद्या वर्षी कमी, तिथं जास्त जाती टिकल्या, विशेषतः दुर्मीळ.

त्यांचे आकडे मात्र आपल्या माळाला लावू नका. तिथली कुरणं हिरवीगार, खत घातलेली, वर्षात दोन-तीनदा कापलेली. आपल्याकडे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, आणि वीतभर मातीखाली मुरूम. आपल्याकडं चाळीस मेंढरं म्हणजे जास्त की कमी हे त्या वर्षीच्या मृगाला विचारावं लागतं. तरी वर्षावर्षाला बदल हवा, हा भाग मला इथंही पटतो.

खताचं उदाहरण तर तुमच्या गावातच असेल. मेंढरांचा वाडा जिथं वर्षानुवर्षं बसतो ती जागा बघा. वाडा हलला तरी पुढची कित्येक वर्षं तिथं धोतरा, काटेमाठ, आघाडा माजतो, आणि पवन्या त्या चौकात पाय ठेवत नाही. लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड इथं १८५६ पासून एका गवताच्या शेतावर हाच प्रयोग चालू आहे. काही पट्ट्यांना खत नाही, काहींना दरवर्षी. बिनखताच्या पट्ट्यात आज चाळीसच्या आसपास जाती आहेत. अमोनियाचं खत मिळत गेलेल्या आणि चुना न दिलेल्या पट्ट्यात दोन-तीन. खताला सरसावणारं एखादं गवत वाढून बाकीच्यांचं ऊन खातं. शेतात आपल्याला हवं असतं ते हेच, माळावर हेच नको असतं.

म्हणून गिरिपुष्पाचं मला भय वाटतं. ते हवेतला नत्र जमिनीत आणतं आणि सावली करतं. पवन्या-मारवेलला दोन्ही नको. ही उन्हात वाढणारी गवतं आहेत. माळ म्हणजे जंगल तोडून उरलेलं ओसाड, हा आपल्या डोक्यात बसलेला गैरसमज आहे. सरकारी नकाशातही गवताळ जमीन ‘पडीक’मध्येच मोजली जाते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले झाडा-झुडपांचे उल्लेख गोळा केले, तर तिथंही हिवर, बाभळी, बोरी, असा उघडा काटेरी मुलूखच दिसतो.

आणि पक्ष्यांचं म्हणाल तर ‘माळाचा पक्षी’ असा एक कुणी नसतो. धाविक, डोंबारी चंडोल, माळटिटवी यांना आखूड गवत आणि उघडी जमीन लागते. हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री उंच गवतात जमिनीवर बसतात आणि दिवसा नाकतोडे खातात. सगळा माळ मेंढरांनी साफ केला तर भोवत्या गेला, सगळा तारेत कोंडला तर धाविक गेला. दहा वर्षं पूर्ण बंद ठेवलेली कुरणं मी पाहिली आहेत. जुनं वाळलेलं गवत साठून नवे कोंब गुदमरतात, आणि फाल्गुनात कुणाची तरी बिडी पडते. मग कुसळी खूश, कारण तिचं बी दमट हवेत पीळ सोडत-धरत मातीत स्वतःला स्क्रूसारखं बसवून घेतं आणि आगीतून वाचतं.

तेव्हा पूर्ण बंदी नको. चाळीस एकराचे चार भाग करा, दर पावसाळ्यात एक भाग मृगापासून बी झडेपर्यंत बंद ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा.

मेंढक्याचं_पोर

टिटवी सरांनी बरोबर लिवलंय, पण एक राहिलं. मेंढरांनी माळ खाल्ला म्हणणाऱ्यांना विचारा की माळ गेला कुठं.

माझा बा सांगतो, उजनीचं पाणी यायच्या आधी आमची मेंढरं पार नदीपातूर चरत जायची, मधे कुणाचं कुंपण नव्हतं. १९८० ला धरण झालं, मग ऊस आला, मग द्राक्ष-डाळिंब. कुरणाला तार आली. वरचा बरडसुद्धा मशीननं फोडून त्यावर गाळ टाकून बाग केली. मेंढरं तेवढीच, उलट आमच्या घरची कमी झालीत. पण चरायला उरलं ते गावाचं गायरान, आणि वाटेच्या दोन्ही कडा. दहा घरांची मेंढरं चाळीस एकरात कोंडल्यावर दात काय करणार? मेंढरू गवत मुळाशी कातरतं, गाय जिभेनं ओढून खाते, शेळी वरचं पान बघते. आमचं जनावर खाली तोंड घालणारं, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आमच्यात एका जागी आठवड्यावर वाडा ठेवायचा नाही अशी रीत होती. आता हलायला जागाच नाही.

आणि पावसाळ्यात भाग बंद करायचा म्हणता, पावसाळ्यातच आम्ही इथं असतो! कोकणात त्या वेळी जाता येत नाही, मेंढराचं खूर सडतं. एक भाग बंद ठेवायला ना नाही. पण मग तीन भागांत रेटा वाढणार, त्याचं काय? वन खात्याच्या कुरणात दोन महिने चराईचा पास द्या, तर बसतंय गणित.

बरडकर, ग्रामसभेत आमची माणसं बोलत नाहीत कारण ग्रामसभा असते दुपारी, आन मेंढरं असतात माळावर.

जलमित्र_७७

माफ करा, पण इथं चर म्हणजे जणू पाप असं वातावरण झालंय. मी स्वतः तीन गावांत चरांची कामं केली आहेत. उताराचं पाणी अडलं, माती वाहायची थांबली, खालच्या विहिरींना माघ महिन्यापर्यंत पाणी राहिलं. गवत बघायचं की माणसं? एक भोवत्या उडावा म्हणून बायकांनी टँकरच्या रांगेत उभं राहायचं का?

माळटिटवी

जलमित्र, टँकरच्या रांगेत माझी आई उभी राहिलेली आहे. पाण्याला माझा विरोध नाही, जागेबद्दल आहे. जिथं घळी पडल्यात, मुरूम उघडा आहे, पावसात गढूळ पाणी धावतं, तिथं दगडी बांध घाला, चर काढा, मी घमेलं उचलायला येतो. पण जिथं ठोंबाचं गवत उभं आहे तिथं चर कशाला? गवताचा ठोंब स्वतःच पाणी अडवतो. पावसात उभं राहून बघा, उघड्या मुरमावर पाणी पळतं आणि गवतात पाझरतं. जेसीबीनं ते गवत उपटून मुरूम वर काढायचा आणि मग त्यात पाणी थांबवायचं, हा द्राविडी प्राणायाम.

दुसरं असं की चरणं आणि खणणं या दोन्हींना ‘वापर’ म्हटलं तरी ती एका जातीची गोष्ट नाही. चरलेलं गवत मुळावर जगतं, विसावा मिळाला की उभं राहतं. नांगर किंवा मशीन मूळच काढतं. बरडावर एकदा नांगर फिरून सोडून दिलेली शेतं माझ्या वाटेत आहेत. सोडून पंधरा-वीस वर्षं झाली, अजून तिथं कुसळी आणि गाजर गवताच्या पुढं गाडी गेलेली नाही. मेंढरांनी बोडका केलेला शेजारचा तुकडा मात्र दोन पावसांच्या विसाव्यात डोंगरी गवतानं भरला. चुलतभावाला हे दोन तुकडे शेजारी-शेजारी दाखवता आले असते तर बरं झालं असतं.

मेंढक्याचं_पोर, तुमचा मुद्दा माझ्याकडून खरंच सुटला होता. मी चौकटीच्या आत बघत बसलो, चौकटीबाहेरचा ऊस बघितला नाही. एक भाग बंद केल्यावर उरलेल्यांवर रेटा येणार हे खरं. पहिल्या वर्षी चौथ्याऐवजी आठवा हिस्सा बंद ठेवून बघावं. आणि पासाचं तुम्ही लिहिलंय तेच मूळ उत्तर आहे असं मला वाटायला लागलंय.

सडेकरीण

मी राजापूरची, आमच्याकडं माळ नाही, सडा आहे. पण गोष्ट तीच म्हणून लिहिते. जांभ्या दगडाचा सपाट कातळ, वर पावसाळ्यात वितीएवढं गवत आणि फुलं, उन्हाळ्यात काळा तवा. तोही सगळ्यांना ‘पडीक’ वाटतो. सुरुंग लावून खड्डे करतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूस किंवा काजू लावतात. आमच्याच सड्याच्या अर्ध्या भागात माझ्या दिरांनी कलमं लावली, तेव्हा मीही खूश होते. अजूनही आंबा खाताना खूशच असते.

रत्नागिरीकडच्या सड्यांवर संशोधकांनी सुटे दगड उचलून खाली कोण राहतं ते मोजलं होतं. मोकळा सडा, सोडून दिलेली भातखाचरं आणि बागा, अशी तुलना केली. प्रत्येक प्राण्याचं उत्तर वेगळं निघालं. एकाला जे सोसलं ते दुसऱ्याला नाही. त्यानंतर मी आमच्या बागेच्या गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) बसून बघितलं. बाग करताना सुटे दगडच गडग्याला गेलेत. पाल, विंचू, बेडकं ज्याखाली दडायची ते छप्परच उचललं गेलं. झाडं लावली म्हणजे जीव वाढले, असं मी आता पटकन म्हणत नाही.

दादा, करंज लावायचेच असतील तर गावठाणात, ओढ्याच्या काठी, शाळेभोवती लावा. सावली माणसांना हवी, कातळाला नको.

बरडकर

उशिरा लिहितोय, माफी असावी. पाइपची चौकट केली. पाण्याजवळ पाच तऱ्हा, मधे नऊ, तारेच्या आत सतरा. चुलतभावाला बरोबर नेलं होतं. त्यानं प्रत्येक काडीचं नाव लिहिलं आणि माझ्या दोन चुका काढल्या, म्हणजे आकडे तो आता नाकारू शकत नाही. धनगरवाड्यातल्या दोन आज्या आल्या होत्या. त्यांनी काड्या हातात न घेता, लांबूनच नावं सांगितली.

मशीनचं काम घळीपुरतं ठेवायला सरपंच अर्धे तयार झालेत. ग्रामसभा रात्री आठला घ्या असा अर्ज दिलाय, त्यावर बऱ्याच जणांनी हसून सह्या केल्या. वन खात्याच्या पासाचं अजून नुसतंच बोलणं आहे.

पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी. मधल्या भागात चौकट टाकत होतो तेव्हा ती एका जुन्या तरवडाला अडकली. काढायला वाकलो तर बुडाशी, फांद्यांच्या आत, मेंढराचं तोंड पोचत नाही तिथं लांब कणसाचं गवत. भाऊ म्हणाला पवन्या. विश्वास बसेना म्हणून शेजारचे तरवड बघितले, मग बोरीची जाळी बघितली. दर तीन-चार झुडपांमागं एका झुडपात ठोंब आहे. एका आजीनं ते बघून नुसतं ‘‘हाय की’’ म्हटलं, जसं काही आम्हीच उशिरा आलो होतो.

ठरावात अजून ‘तरवड-बोरी उपटून माळ साफ करणे’ हे कलम तसंच आहे, आणि त्या कामाची मजुरी आधीच वाटून झालीये. ते कसं गाळायचं, कुणाला अनुभव असेल तर सांगा.